दुपारच्या पोळ्या आणि विजेचा करार

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं भूल देण्याचं काम करून निवृत्त झालेल्या डॉ. वरदा केतकरांनी २००८च्या उन्हाळ्यात छपरावर सोलर पॅनल बसवले. वीज विकत घ्यायला दोन कंपन्या तयार होत्या. पहिली फक्त ग्रिडला जाणाऱ्या युनिटचे पैसे देणार होती. दुसरीचा भाव निम्मा होता, पण घरात वापरलेल्या युनिटलाही तो मिळणार होता. करार वर्षभराचा.

"शेजाऱ्यांनी पहिली घेतली. कर की सही!" त्यांचे यजमान माधवराव म्हणाले.

"ते दिवसभर लंडनला असतात. आपण घरी असतो."

वरदाताईंनी आठवडाभर दर तासाला मीटर वाचून, पेशंटची नाडी लिहावी तसे आकडे तक्त्यात भरले. निम्म्याहून जास्त वीज घरातच संपत होती. बाराच्या सुमारास तर बाहेर काहीच जात नव्हतं.

"अहो, बाराला काय करता?"

"स्वयंपाक. गरम पोळ्या तुलाच लागतात, त्याही विजेच्या शेगडीवर."

"मग ग्रिडला काय उरणार?"

"म्हणजे उद्यापासून गार सँडविच?"

"पोळ्या राहू देत. पहिली कंपनी नको," म्हणत त्यांनी दुसरीच्या अर्जावर सही केली.