टोपीवाल्याची बाटली

कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती दिवसभर उभी असायची. यंत्राचा हिरवा उजेड तिच्या हनुवटीखालून सरकत जायचा, पुन्हा यायचा, आणि जगातली कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा होऊ शकते यावरचा तिचा विश्वास पक्का होत जायचा. वकिलांचे कारकून तिला झेरॉक्सताई म्हणत. घरी ओट्यापाशीही तिचं तेच चाले. बाहेर काही चाखलं की ती डोळे मिटून जीभ टाळूला लावायची, आणि आठवड्याच्या आत तो पदार्थ तिच्या स्वयंपाकघरात जन्माला यायचा. पुड्यातली क्रीमची बिस्किटं. आल्याचं फेसाळ पेय. सिनेमागृहातले कॅरॅमलचे पॉपकॉर्न. मुलं ताटल्या चाटूनपुसून लख्ख करत. नवरा बोटं चाटत पेपर वाचायचा, त्यामुळे बातम्यांना कायम डाग.

सासूबाईंचं मात्र ठरलेलं. "बरं झालंय," त्या म्हणत. "पण कंपनीची सर नाही."

त्यांचा जीव होता टोपीवाल्याच्या टोमॅटो सॉसवर. बाटलीवर पांढरी उंच टोपी घातलेला गालफुग्या आचारी कायम हसत असायचा. त्याच्याशिवाय सासूबाईंना घास उतरत नसे. नातवंडांनी हात लावू नये म्हणून त्यांनी बाटलीच्या गळ्यात हिरव्या लोकरीचा धागा बांधून ठेवला होता.

चार वर्षांपूर्वी एकदा ऐन जेवणाच्या वेळी सॉस संपला आणि दुकानं बंद. सुनेनं आपला घरचा प्रयोग गुपचूप त्या बाटलीत ओतला आणि श्वास रोखून पाहत राहिली. सासूबाईंनी घास घेतला, डोळे मिटले.

"बघ," त्या म्हणाल्या, "याला म्हणतात चव. शीक जरा."

तिला नाचावंसं वाटलं आणि बोलताही येईना. बोलली असती तर सासूबाईंच्या तोंडातला घास कडू झाला असता. त्या दिवसापासून ती बाटली कधी संपलीच नाही. रिकामी झाली की ती आत नेऊन धुवायची, भरायची आणि "नवी आणली हं, आई" म्हणून समोर ठेवायची. टोपीवाल्याचं नाक धुऊन धुऊन उडालं, एक कान गेला. सासूबाई म्हणायच्या, "हल्ली कंपनी छपाईत हात आखडता घेते." त्या सॉसचं कौतुक करत, शेजारणींना बोलावून चाखवत, आणि सून ओट्यापाशी उभी राहून दुसऱ्याच्या नावाचं आपलं कौतुक ऐकत राही. एकदा, एकदाच, ते आपल्या नावानं ऐकायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून टीव्हीवरच्या 'गप्पांची दुपार'चं बोलावणं आलं तेव्हा तिनं लगेच होकार दिला. त्या कार्यक्रमाची एक मुलगी कागद झेरॉक्स करायला आली होती. तिनं डब्यातलं बिस्किट खाल्लं आणि विचारलं, "कुठल्या दुकानातलं?" तिथून हे सगळं सुरू झालं. तो कार्यक्रम थेट दाखवत आणि सासूबाई रोज विणकाम घेऊन तो बघत. बेत साधा होता. निवेदिका डोळे बांधून घरचा आणि कंपनीचा सॉस चाखेल, तिला फरक कळणार नाही, आणि घरी टीव्हीसमोर बसलेल्या सासूबाईंना ते कबूल करावं लागेल.

त्या सकाळी घरात नुसता गोंधळ. साडीला इस्त्री, मुलांचे डबे, घरच्या सॉसची बरणी. तिनं मुद्दाम एक नवी सीलबंद बाटली विकत आणून टेबलावर ठेवली होती. पिशवी भरली नवऱ्यानं.

"कंपनीची बाटली घेतली का?" ती दारातून ओरडली.

"घेतली, घेतली! तू नीघ!"

स्टुडिओतल्या स्वयंपाकघराला तीनच भिंती होत्या. खिडकीबाहेरचं झाड कापडावर रंगवलेलं. नळाला पाणी नाही. टोपलीतली द्राक्षं प्लास्टिकची. स्वयंपाकघराचीसुद्धा नक्कल! तिला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. चौथ्या भिंतीच्या जागी अंधार होता आणि त्यात माणसं बसलेली, फक्त त्यांचे चष्मे चमकत होते.

दिवे लागले. तिनं टोमॅटो परतले, लवंगा फडक्यात बांधल्या, उकडलेलं सफरचंद कुस्करून घातलं. "हे सफरचंद कुणी सांगत नाही," ती म्हणाली, तर अंधार हसला. हात आपोआप चालत होते. निवेदिकेच्या केसांची एक बटही हलत नव्हती, पण तीसुद्धा वासानं जवळ सरकली.

मग निवेदिकेचे डोळे बांधले. मदतनीस मुलीनं आतून दोन वाट्या आणल्या, एकीत बरणीतला सॉस, दुसरीत बाटलीतला. पडद्यावर फोनचा नंबर झळकला.

निवेदिकेनं पहिला चमचा घेतला. "छान. प्रामाणिक आहे. पण ताई, घरचा आहे हं." दुसरा चमचा. "अहाहा! हा कंपनीचा. याला एक खोली आहे!"

टाळ्या. आणि त्याच वेळी त्या मुलीनं बाटली ओट्यावर आणून ठेवली. जाहिरात नको म्हणून तिला काळा कागद गुंडाळला होता, पण गळा उघडा होता. गळ्यात हिरवी लोकर.

तिला उलगडा झाला. नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावरची उघडी बाटली उचलली होती, नवी कशाला फोडायची म्हणून! म्हणजे दोन्ही वाट्यांत तिचाच सॉस. आणि त्यातल्या एकीला खोली होती! तिला हसू फुटलं. ती पदर तोंडात कोंबून हसू लागली, तर अंधारातले चष्मेही हलायला लागले, कुणाला काही ठाऊक नसताना.

"ताई, काय झालं?"

तेवढ्यात फोन वाजला. निवेदिका म्हणाली, "आपल्या एक प्रेक्षक लाइनवर आहेत. नमस्कार!"

"आधी ती बाटली नीट ठेवा," स्पीकरमधून सासूबाई कडाडल्या. "माझी आहे ती. मी ताट वाढून बसलेय!"

"आई..." ती पुटपुटली.

"अगं, आणि टेबलावर ही नवी कसली आणून ठेवलीस? सील फोडून खाल्ली मी. भेसळीची आहे! दुकानदारानं शेंडी लावली तुला. टोपीवाल्याची चव मला कळत नाही होय?"

तिनं तोंडातला पदर काढला. आता गप्प बसलं तर सगळं निभावून जाणार होतं. कंपनी जिंकली असती, सासूबाई जिंकल्या असत्या, आणि ती उद्या पुन्हा ती बाटली धूत बसली असती. तिनं दोन्ही हातांनी ओटा धरला.

"आई, ती नवी खरी आहे. कंपनीची. तुमची बाटली मी भरते. घरी. चार वर्षं झाली."

स्पीकरमधून घरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"म्हणजे," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "मागं मीठ जास्त पडलं होतं, ते तू?"

"हो, आई."

"मी कंपनीला फोन करून झापलं होतं गं! त्या पोरानं बिचाऱ्यानं तीनदा माफी मागितली." पंखा पुन्हा घरघरला. "बाटली घेऊन ये लवकर. ताट निवतंय."

फोन ठेवल्याचा आवाज आला आणि सगळा स्टुडिओ हसण्यानं फुटला. निवेदिकेची एक बट कपाळावर आली होती.

घरी नवरा दारातच अपराधी चेहऱ्यानं उभा होता. तिनं त्याच्या गालावर टिचकी मारली आणि आत गेली. सासूबाई तशाच ताटावर बसल्या होत्या. कंपनीची बाटली त्यांनी मोरीजवळ नेऊन ठेवली होती. तिनं नरसाळं घेतलं आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बाटली भरू लागली.

"अर्ध्यावर काय थांबलीस? भर की."

तिनं काठोकाठ भरली. सासूबाईंनी थोडा सॉस बोटावर घेतला, डोळे मिटले, जीभ टाळूला लावली. मग बाटली मांडीत घेतली, वरचा काळा कागद काढला, ओलं फडकं मागितलं आणि टोपीवाल्याचा उरलेला चेहरा घासून काढायला घेतला.

"यानं काय केलंय मेल्यानं," त्या म्हणाल्या, "एवढं हसायला?"