बाराच्या बारा ‘हो’

आर्णीत माझ्या काकूचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तिथल्या तिन्ही कॉम्प्युटरांवर काही वर्षांपूर्वी मीच एक ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली होती. ठिकठिकाणचे स्वयंसेवक मिळून ती बनवतात, मीही त्यांतली एक.

यंदा नव्या आवृत्तीच्या अपग्रेड चाचणीची जुळवाजुळव माझ्याकडे आली. जुनी सिस्टिम न पुसता तिच्यावर नवी चढवायची आणि माणसाचं काम पूर्वीसारखं चालतं का ते बघायचं. चाचणी करणारे मिळाले, पण बहुतेकांनी जुनी आवृत्ती नुकतीच टाकलेल्या कोऱ्या मशीन घेतल्या. कोऱ्या मशीनवर बिघडायला काही नसतंच. मला रोजच्या वापरातली मशीन हवी होती.

“कर न बाप्पा, मले काय विचारतं?” काकू म्हणाली. “फक्त माह्या फायली उडाल्या नाई पाह्यजे.”

फायलींची प्रत माझ्या हार्ड डिस्कवर काढून ती तिथेच ठेवली आणि एक मशीन अपग्रेड केली. काकूला बारा प्रश्नांचा कागद दिला: प्रिंटर चालतो का, स्कॅनर चालतो का, मराठी टाइप होतं का. पुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन. कुणाच्या मागे उभं राहून बघणं मला अवघड जातं, म्हणून मी यवतमाळला घरी परतले. दोन दिवसांनी काकूने कागदाचा फोटो पाठवला. बाराच्या बारा ‘हो’. मी अहवालात तसंच लिहिलं. आवृत्ती बाहेर काढायची की थांबायचं, ते त्या अहवालांवरून स्वयंसेवकांच्या ऑनलाइन बैठकीत ठरणार होतं.

बैठकीच्या दिवशी दुपारी मी माझी हार्ड डिस्क परत आणायला दुकानात गेले. काकू नव्या सिस्टिमवर एका मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरत होती. मराठीत काही लिहायचं आलं की ती उठायची, बाजूच्या मशीनवर टाइप करायची, फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि परत यायची. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी विचारलं,

“काकू, इथे मराठी टाइप होत नाही का?”

“नाई होत न. इंग्रजीच उमटते.”

“मग कागदावर ‘हो’ का लिहिलंस?”

“अवं, तुहा पेपर होता तो. तुहे साहेबलोक पाहणार. मी कायले नापास करू तुले?” फॉर्मवाली मुलगी खुदकन हसली. “अन् पेन ड्राइव्ह हाय न. मले काई तरास नाई.”

रागवायला जागाच नव्हती. कागद परीक्षेच्या पेपरासारखा मीच बनवला होता. आणि मराठी टाइप करून मी स्वतः पाहिलं नव्हतं, कारण मला ते येत नाही.

चारची बैठक मी दुकानाच्या पायरीवर बसून फोनवरून केली. एरवी मी माइक बंद ठेवून चॅटमध्ये लिहिते. लिहिलेलं कुणाच्या नजरेतून सुटेल म्हणून त्या दिवशी बोलले. माझा अहवाल चुकीचा आहे, अपग्रेडनंतर मराठी कीबोर्ड जातोय, थांबा. एकीने विचारलं, तपासायला मशीन आहे का? मी म्हटलं, समोरच आहे.

तिने सांगितलं तसं मी एकेक तपासत गेले. जुन्या आवृत्तीत केलेली कीबोर्डची निवड नव्या आवृत्तीला वाचताच येत नव्हती. म्हणजे इंग्रजीखेरीज दुसरा कीबोर्ड वापरणारे सगळेच अडकले असते. तारीख आठवडाभर पुढे गेली. मला कुणी बोल लावला नाही, आणि मी त्याचीच वाट पाहत होते.

दुरुस्ती आल्यावर काकूची दुसरी मशीन अपग्रेड केली. या वेळी कागद नेला नाही. स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

“काहीही लिही, काकू.”

‘प्रति, मा. मुख्याध्यापक’ हे शब्द पडद्यावर भराभर मराठीत उमटले.

“झालं की वं! पण अक्षर कायले एवढं बारीक केलं? चष्मा लावा लागते मले.”

मी ते लिहून घेतलं आणि बाकीच्यांना कळवलं: आवृत्ती आता बाहेर काढायला हरकत नाही. तोवर काकूने तिसऱ्या मशीनवरचं कापड काढून ठेवलं होतं.

“हेबी आताच करून टाक,” ती म्हणाली.