दाजींच्या लॅपटॉपचा ताप

यंत्राच्या दुखण्याने स्वतः वाळत गेलेला माणूस सबंध मिरा-भाईंदरमध्ये एकच असेल, आणि ते माझे साडू आहेत. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी भाईंदर पूर्वेच्या आपल्या वन रूम किचनमध्ये एक लॅपटॉप आणला. मराठवाड्यातून त्यांच्याकडे राहायला आलेल्या आईंना जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ होत्या, भीमरायाच्या आणि माहेरच्याही. आई शहाऐंशीच्या. रोज एखादी ओवी त्यांच्याकडून निसटत चाललेली, म्हणून उरलेल्या सगळ्या टाइप करून ठेवायच्या, असा दाजींचा बेत. लॅपटॉपला मात्र एवढी घाई सोसेना. दोन ओव्या झाल्या की तो तव्यासारखा तापायचा, तिसरीला घुरघुरायचा आणि चौथीच्या मध्यावर मान टाकायचा.

दाजींनी शुश्रूषा आरंभली. घरातला एकुलता एक टेबलफॅन लॅपटॉपकडे वळला आणि माणसं घाम पुसत बसली. दगडी पोळपाट थंड असतो म्हणून तो लॅपटॉपखाली गेला. ताई, म्हणजे माझी मेहुणी, चपात्या ताटाच्या पाठीवर लाटू लागल्या. घरातला थर्मामीटर कीबोर्डच्या फटीत खोचून दाजी वहीत ताप लिहीत. एकदा मी दारातून हाक मारली तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला, आत्ताच उतरलाय." मला वाटलं आईंनाच बरं नाही, मी चपला हातात घेऊन आत गेलो.

वॉरंटी असल्यामुळे मीरा रोडच्या सर्व्हिस सेंटरला फेऱ्या सुरू झाल्या. आईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन दाजी रिक्षात वाऱ्याच्या बाजूला बसत. सेंटरमध्ये एसी. तिथे पोचताच लॅपटॉप शहाण्यासारखा गार. "अंकल, मशीन तो एकदम ओके है," काउंटरवरचा माणूस म्हणायचा. दाजी घरी येऊन आम्हाला सांगत, "लबाड आहे. डॉक्टर दिसला की ताप उतरतो." तरी दरवेळी काहीतरी बदललं जाई. आधी पंखा, मग कीबोर्ड, एकदा तर न मागता स्क्रीन. सहाव्या खेपेपर्यंत मूळ लॅपटॉपचं फक्त झाकण उरलं होतं, आणि तापायची सवय.

सातव्या खेपेला दाजी तिथल्या इंजिनिअर मुलीला म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरी चला. ह्याचं खरं रूप घरातल्यांनाच माहितीये." ती मे महिन्याच्या दुपारी खरंच आली. मीही मुद्दाम हजर होतो. लॅपटॉप पाहुणीसमोर चार ओव्या मुकाट चालला. दाजींचा चेहरा उतरला. "आई, जरा मोठी म्हण ना एखादी," ते कुजबुजले. आईंनी डोळे मिटले आणि बहिणीला भेटायला पुराच्या पाण्यातून येणाऱ्या भावाची ओवी काढली. भाऊ नदीच्या मध्यावर आला, लॅपटॉप घुरघुरला आणि विझला.

दाजी आनंदाने उभेच राहिले. "बघितलंत ना मॅडम? तुमच्यासमोर झालं."

आई मात्र थांबल्या. "कंटाळलं वाटतं ते," म्हणाल्या.

ती मुलगी लॅपटॉपकडे बघतच नव्हती. तिने तक्रारीचा कागद उलटा केला, पेन काढलं. "आजी, थांबू नका. भाऊ पोचला का पलीकडे?"

आईंनी त्याला पलीकडे पोचवलं, तिने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, आणि मग चहा पिऊन, कागद दाजींच्या हातात देऊन लॅपटॉप घेऊन गेली.

पंधरा दिवसांत नवा लॅपटॉप मिळाला. तो कितीही चालवा, तापत नाही. पण तोवर आईंचं बरंच काही पुसट झालं होतं. नदीची ओवी त्यांना पुन्हा आठवलीच नाही. दाजींनी उरलेल्या सगळ्या टाइप केल्या, तेवढी एक नाही. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पोरीचं अक्षर छान आहे, राहू दे कागदावर."

संध्याकाळी ते आईंना तो कागद वाचून दाखवतात. आई ती ओवी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकतात, आणि भाऊ पाण्यात उतरला की दाजींचं मनगट घट्ट धरतात.