फळी सापडली, माणूस नाही

दत्ताने काठावर ठेवलेलं आमच्या होडीचं वल्हं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि तो ते सोडायला तयार नव्हता. कपडे ओलेचिंब, ओठ पांढरे पडलेले. "माझा भाऊ अजून पाण्यात आहे," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

शिवडी बंदरावरची ही दुपार. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते आणि त्या दिवशी शहरात हरताळ होता. ट्राम नाही, बस नाही, गिरण्या बंद. दत्ता आणि त्याचा थोरला भाऊ गणपत घोडपदेवला राहणारे, मूळचे मालवणकडचे. दोघंही माहुलला एका बांधकामावर फिटर होते. घरी परतायला वाहन नाही, म्हणून आणखी काही जणांबरोबर लहानशा पडावात बसून ते खाडी ओलांडायला निघाले. मध्येच पडाव उलटला. बाकीचे उलट्या पडावाला धरून राहिले. त्यांना मासेमारीच्या एका होडीने उचलून बंदरावर आणलं. गणपतच्या हाताला मात्र पडावातली एक सुटी फळी लागली होती. ती धरून तो लांब लांब जाताना दत्ताने पाहिलं होतं.

मी तिथे होते ती माझ्या कामासाठी. मी सरकारी प्रयोगशाळेत सायंटिफिक असिस्टंट होते. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथलं पाणी, गाळ आणि प्रवाह हा माझा विषय. हरताळाला माझा मनापासून पाठिंबा होता, पण भरती-ओहोटी हरताळ पाळत नाही. त्या दिवसाची ओहोटी चुकली असती तर तशीच ओहोटी पुन्हा मिळायला पंधरवडा थांबावं लागलं असतं. म्हणून मी परळहून चालत बंदरावर आले होते.

काम असं असायचं. बांबूच्या तुकड्याखाली पत्र्याचे दोन तुकडे फुलीसारखे लावायचे, वर लहानसं निशाण. याला आम्ही फ्लोट म्हणायचो. पत्रा पाण्याखाली असल्यामुळे फ्लोट वाऱ्याबरोबर न जाता पाण्याबरोबर जातो. होडीतून त्याच्या मागे जायचं आणि तो कुठून कुठे गेला ते नकाशावर मांडायचं. बस. दिसायला पोरखेळ, पण खाडीतला गाळ आणि घाण कुठे जाऊन बसते ते यावरून कळतं.

ओहोटीमुळे बंदरातल्या सगळ्या होड्या, या लोकांना घेऊन आलेलीसुद्धा, चिखलावर बसल्या होत्या. आमची तेवढी कामासाठी बाहेर खोल पाण्यात उभी होती. लाँचसाठी फोन झाला होता, पण ती कधी येईल ते कोणी सांगेना. म्हणजे शोधायला जाणारी होडी एकच. जायचं कुठे, हा प्रश्न होता.

आमच्या होडीचे तांडेल पोशाकाका, शिवडीचेच कोळी. त्यांनी हात दक्षिणेकडे केला. "ओहोटीला सगळं बाहेर जातं बाय. घारापुरीच्या अंगाला. आम्ही तिथून मानसं काढलीत."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण माहुलच्या बाजूला नुकताच एक मोठा भराव समुद्रात घातला गेला होता. त्यानंतर मी तिथे सोडलेले बरेचसे फ्लोट बाहेर गेलेच नव्हते. भरावाच्या आडोशाला पाणी गोल वळत होतं आणि फ्लोट उत्तरेला, तिवरांच्या कडेच्या चिखलाकडे जात होते. बरेचसे, सगळे नाही. काही मला सापडलेच नव्हते.

मी कस्टमच्या चौकीतून माझ्या साहेबांना फोन लावला. ते प्रयोगशाळेजवळच राहायचे, हरताळातही टेबलापाशी असायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचे फ्लोट किती वेळा तिकडे गेले म्हणालात?"

"बहुतेक वेळा, सर."

"बहुतेक म्हणजे काय? रिपोर्ट झालेला नाही. मी तुमचे आकडे तपासलेले नाहीत. होडी तिकडे नेलीत आणि माणूस दक्षिणेला बुडाला, तर त्या घरच्यांना काय सांगणार?"

"आणि दक्षिणेला नेली आणि तो उत्तरेला असला तर, सर?"

  ते म्हणाले, "मी तिथे असतो तर मला ठरवता आलं नसतं. तुम्ही तिथे आहात." आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले. पोशाकाकांना भरावाचं आणि वळणाऱ्या पाण्याचं सांगितलं.  "भराव पडल्यापासून तिकडं जाळं लावलं नाय मी," ते म्हणाले. "तुझं खरं असंल. नसंल पन."

दत्ता माझ्याकडे बघत होता. "बाई, तुम्हाला खात्री आहे?"

"नाही," मी म्हणाले. "पण मला तिकडेच शोधावंसं वाटतं."

त्याने वल्हं सोडलं. "चला."

होडीत आम्ही चौघं. पोशाकाका सुकाणूवर, त्यांचा मेहुणा आणि दत्ता वल्ह्यांवर, मी पुढच्या टोकाला, नाळेवर उभी. एरवी मी फ्लोटची निशाणं शोधायची, आता माणसाचं डोकं शोधत होते. उन्हात पाणी चमकत होतं. प्रत्येक काळा ठिपका आधी माणूस वाटायचा, मग तो नारळ निघायचा, नाहीतर लाकूड. पाणी झपाट्याने उतरत होतं. दत्ता वल्हं मारता मारता मध्येच "दादा!" अशी हाक मारायचा, आणि मग सगळे उत्तराची वाट बघत थांबायचे. उत्तर येत नव्हतं. दर हाकेनंतर माझी नजर आपोआप दक्षिणेकडे जायची. तिकडे आता गणपत आपल्यापासून आणखी लांब गेला असेल, असं वाटायचं.

भरावाला वळसा घातल्यावर पाण्यावर फेसाची एक लांब रेघ दिसली. पाणी गोल फिरतं तिथे अशी रेघ उठते आणि तरंगणारा कचरा तिच्यात गोळा होतो. आम्ही तिच्या कडेकडेने गेलो आणि मला फळी दिसली. नुसतीच फळी. वर कोणी नव्हतं.

दत्ताने वल्हं टाकलं आणि तो पाण्यात उडी घ्यायला उठला. पोशाकाकांच्या मेहुण्याने त्याला कमरेला धरून खाली बसवलं. माझं अनुमान बरोबर निघालं होतं आणि त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.  मी फळी होडीत ओढून घेतली. उगाचच. काहीतरी करायचं म्हणून.

फळीच्या खालच्या बाजूला चिखल होता. ओला, काळा, ताजा.

"काका, फळी कुठेतरी टेकली होती," मी म्हणाले.

पोशाकाकांनी होडी तिवरांकडे वळवली. पाणी ओसरून तिथे चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. दत्ता एकदम मालवणीत ओरडला, "थंय असा! दादा थंय असा!"

तिथे, चिखलात कमरेपर्यंत रुतलेला माणूस. हात वर करायचीसुद्धा ताकद नव्हती, नुसती मान आमच्याकडे वळवली. घडलं होतं ते असं: पायाला तळ लागला, गणपतला वाटलं किनारा आला. त्याने फळी सोडली आणि तिवरांच्या दिशेने चालायला लागला. तो चिखल वरून घट्ट दिसतो. चालणाऱ्याला तो गिळतो.

होडी चिखलाच्या कडेला टेकली. पुढे जाईना. पोशाकाकांनी होडीतल्या तळफळ्या उपसल्या, ती सापडलेली फळीही घेतली आणि एकापुढे एक टाकत, पोटावर सरपटत गणपतपर्यंत गेले. त्याच्या काखेतून दोर बांधला. आम्ही तिघांनी ओढला. गणपत असा किंचाळला की आम्ही दोर सोडला. तो तसूभरही हलला नव्हता.

"पुन्हा ओढा!" दत्ता म्हणाला.

"नको," मी म्हणाले. "पाणी येऊ दे."

"पाणी? बाई, पाणी आलं तर तो बुडेल!"

मला समजावून सांगावं लागलं. चिखल ओलसर असला की पायाभोवती घट्ट आवळून बसतो. पाय वर ओढला की पायाखाली पोकळी धरते आणि ती माणसाला खाली खेचते. भरतीचं पाणी फटीतून आत शिरलं की ही पकड सुटते. त्याच्या आधी जोर लावला तर पाय निखळतील, माणूस निघणार नाही. चिखलाचे नमुने काढताना माझी नळी अशीच अडकायची. मी पाणी ओतून ती सोडवायची. पण ती नळी होती. तिला श्वास लागत नव्हता.

दत्ताने पोशाकाकांकडे बघितलं. ते तिथूनच ओरडले, "बाय बरोबर बोलते. दोर ताणून धर, ओढू नको."

मग आम्ही वाट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा मी भरतीला लवकर ये म्हणत होते आणि त्याच वेळी येऊ नको म्हणत होते. आधी चिखलावर पाण्याचा पातळ पापुद्रा आला. मग गणपतच्या कमरेला पाणी लागलं. मग छातीला. पोशाकाका त्याच्या मागे फळीवर पडून त्याचं डोकं वर धरून होते आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मांडीभोवतीचा चिखल ढवळत होते, पाणी आत जावं म्हणून. आमची होडी तरंगायला लागली तशी आम्ही ती त्यांच्याजवळ सरकवली. पाणी गणपतच्या खांद्याला आलं. तो डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. दत्ता रडत होता आणि दोर धरून होता.

"सुटला पाय!" पोशाकाका ओरडले. "एक सुटला. हळू... हळू..."

दुसरा पाय सुटला तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. आम्ही त्याला होडीत घेतलं. गणपत दत्ताला पहिलं वाक्य बोलला ते असं, "रडतोस काय? घरी कोणी सांगितलं तर नाय ना?"

गणपतचा गुडघा कायमचा अधू झाला. हॉस्पिटलातून सुटल्यावर तो दत्ताचा हात धरून पोशाकाकांना भेटायला बंदरावर आला. मीही होते.  चहा झाला.

साहेबांनी माझा रिपोर्ट तपासला. आकडे बरोबर होते. पण नकाशाखाली त्यांनी एक ओळ घालायला लावली: हे नकाशे निर्जीव वस्तूंसाठी आहेत. तेव्हा मला राग आला होता. नंतर पटलं. फ्लोटला पाय नसतात, त्याला घरी जायची घाई नसते.

पुढे खाडीत कोणी हरवलं की मला बोलावणं यायचं. पाणी कुठे वळतं ते मला माहीत असायचंच. माणूस कुठे वळेल, ते नाही. म्हणून मी आधी घरच्यांना विचारायची: माणूस स्वभावाने कसा आहे? थांबणारा, की चालायला लागणारा?