लाल दिवा मोजायचा राहिला

हिया क्वांगला दिव्यांतलं काही कळत नाही, असं म्हणणारा माणूस थायलंडातल्या पाक नाम फोच्या बाजारात सापडला नसता. तीस वर्षं त्याचं दिव्यांचं दुकान आणि समोर माझी कॉफीची गाडी. आम्हा चिनी वंशाच्या लोकांत हिया म्हणजे थोरला भाऊ. वयानं मोठी माणसंही त्याला हियाच म्हणत, कारण अडल्यावेळी शिडी घेऊन तोच धावायचा. स्वभाव मात्र तिरसट. कोणी "चांगला बल्ब द्या" म्हटलं की हा विचारणार, "कशासाठी चांगला? जेवायला, वाचायला, की बायकोपासून लपायला?" उत्तर दिल्याशिवाय बल्ब मिळत नसे.

त्याची बायको नुआन, आमची सगळ्यांची वहिनी, पोटाच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळली आणि हियानं दुकानाचं शटर खाली ओढलं. दवाखान्यातून गांजाच्या तेलाचे थेंब मिळाले होते. ते घेतले की ती वाटीभर पेज खायची आणि चार तास झोपायची. महिन्यानं बाटली संपली आणि पुढची कधी येईल ते कोणी सांगेना. त्या साली सरकारनं गांजा घरात लावायला मोकळीक दिली होती. देवळाजवळचा वैद्य म्हणाला, फुलं आण, तेल मी काढून देतो. डॉक्टरांनी हियाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की नवीन वर्षापर्यंत तगली तरी पुष्कळ. तेव्हा जुलै चालू होता. तिला दोन घास जावेत, रात्री डोळा लागावा, एवढ्याचसाठी हियाची ती सगळी धडपड.

बंद दुकानातच त्यानं तीन कुंड्या मांडल्या. आधी गोदामात पडलेले रस्त्याच्या खांबांचे पिवळे सोडियम दिवे लावले. खोलीची भट्टी झाली आणि पानं कडेनं करपली. मग ट्यूबलाइट लावल्या, तर रोपं उजेड शोधत लांबुडकी वाढली आणि माना टाकून बसली. जांभळे दिवे विकायला एकजण आला होता, त्याला हियानं "हे गाण्याच्या बारमध्ये लाव" म्हणून हाकललं. शेवटी शंभर वॉटचं, पांढऱ्या एलईडीचं एक पॅनल दोरीला टांगलं. पानांच्या उंचीवर तळहात धरायचा, हाताला ऊन लागलं की दोरी वीतभर वर ओढायची. "नवख्या माणसाला असा एकच पुरे, जे," तो मला सांगायचा. मी जे, म्हणजे ताई. जणू जन्मभर हेच करत आलाय अशा थाटात सांगायचा आणि मला राग यायचा. वर माडीवर सो वाळत चालली होती आणि हा खाली दोरीशी खेळत बसला होता. सो म्हणजे वहिनी; तिला मी त्याच नावानं हाक मारायची.

फुलं धरायला बारा तास उजेड आणि बारा तास काळोख लागतो, हे त्यानं फोनवर बघितलं होतं. टायमर लावला. शटरच्या फटींत काळं कापड कोंबलं. पंख्यावर मोहरीएवढा हिरवा दिवा होता, त्यावरही काळी चिकटपट्टी मारली. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. पानं हिरवीगार, फुलाचं नाव नाही. खत बदललं, माती बदलली, पाणी उकळून गार करून घातलं. एकदा मी पेज घेऊन आत गेले तर हा कुंड्यांसमोर बसून रडत होता. मला बघून म्हणाला, डोळ्यांत खत गेलं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी शेवंती विकणारी बुआलोय माझ्याबरोबर आत आली, देवापुढे फुलं ठेवायला. तिच्या बहिणीचं उत्तरेला डोंगरात शेवंतीचं शेत. पॅनल नुकतंच बंद झालं होतं. तरी बुआलोय सरळ चालत गेली, कुठे ठेचकाळली नाही. फुलं ठेवून ती वळली आणि कुंड्यांकडे बघत राहिली. तिन्ही झाडं लाल दिसत होती.

"हे दिवे रात्रभर चालू असतात?" तिनं विचारलं.

"तो देव आहे," हिया म्हणाला.

"देव असेल. झाडाला तो उजेडच. आम्ही शेवंतीच्या रानात रात्री बल्ब लावतो, ते सणाआधी कळी धरू नये म्हणून."

जागेचा देव जमिनीवर बसतो, शटरकडे तोंड करून, लाल देव्हाऱ्यात, दोन्ही बाजूंना दोन लाल बल्ब. दुकान उघडलं त्या दिवशी वहिनीनं ते लावले होते आणि घर सोडून जाईपर्यंत ते विझवायचे नसतात. हियानं पंख्याचा ठिपका झाकला आणि हे दोन त्याच्या हिशेबातच आले नाहीत. त्याला हसू कशी? मी रोज तिथे पेज घेऊन जात होते, माझ्या तरी कुठे ध्यानात आलं? आमच्यात कोणाच्याच घरी तो उजेड धरत नाहीत.

"मग रात्रीपुरतं फडकं टाक त्याच्यावर," मी बोलून गेले आणि जीभ चावली. आमच्याकडे घरात मयत झालं तरच देव झाकतात. हिया बटणापाशी गेला, त्यावर बोट ठेवलं आणि परत काढून घेतलं.

वरून सोची हाक आली. लाकडी घरात काही लपत नाही. आम्ही वर गेलो. हिया खाली मान घालून सांगत होता, दहा आठवडे गेले, माझ्यामुळे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तीस वर्षं गावाला दिवे विकलेस," ती म्हणाली, "आणि घरातले दोन मोजता आले नाहीत?"

मग तिला दम लागला. जरा थांबून म्हणाली, "देवाचा दिवा विझवायचा नाही. झाडं वर आण."

"तुला अंधारात पडावं लागेल, नुआन. सात ते सात."

"मी काय पेपर वाचत पडते?"

दुसऱ्या दिवशी कुंड्या पॅनलसकट तिच्या पलंगाशेजारी आल्या. संध्याकाळी सातला टायमर टक् करायचा आणि खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. हिया तिला चाचपून पाणी पाजायचा, चाचपून कूस बदलायचा. दुखणं अनावर झालं तरी ती दिवा लाव म्हणाली नाही. मला ते बघवत नव्हतं, आणि बघायला तिथे काही दिसतही नव्हतं.

तीन आठवड्यांनी पांढरे तंतू फुटले. नाताळानंतर एकदा मला पेज न्यायला उशीर झाला. अंधारात जिना चढून दाराशी उभी राहिले. आत सो म्हणत होती, "हिया, बघ, बोटं चिकट झाली." तिनं हात लांब करून कळ्या चाचपल्या होत्या; त्यांना तेलाचा चीक धरला होता. हिया हसला की रडला, ते मला कळलं नाही.

पण पेज आता चार चमच्यांवर आली होती, मग दोनवर. जानेवारीत वैद्य येऊन कळ्या बघून गेला. "अजून नऊ दिवस थांब," म्हणाला. "आत्ता फुलं कापलीस तर सगळं फुकट." बाहेर चिनी नवीन वर्षाच्या मिरवणुकीच्या ढोलांचा सराव चालू होता. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी सातला पॅनल आपोआप लागलं आणि त्या पांढऱ्या उजेडात हियाला दिसलं की ती गेली आहे.

जागेच्या देवावर लाल कागद मी चिकटवला. हियानं बल्ब काढून घेतले. भरदुपारी दुकानात मिट्ट काळोख झाला. आता कुंड्या खुशाल खाली राहिल्या असत्या. दोघांच्याही ते मनात आलं, पण कुंड्या वरच राहिल्या.

देवळात दुसऱ्या दिवसापासून तीन संध्याकाळ भिक्खूंचं पठण होतं. तिसऱ्या दिवशी साडेसहाला हिया पठण अर्धवट टाकून उठला. मी दारात त्याची बाही धरली.

"टायमर दिवा आपोआप बंद करतो, हिया. आता कोणासाठी चाललास?"

"सातला अंधार होतो, जे," तो म्हणाला. "त्या अंधारात रोज कोणीतरी असायचं. फुलं कापायला अजून दोन दिवस राहिलेत."

मी बाही सोडली.