मॅग्नेटवाल्यांचा कान

आमच्या ह्यांना सगळा बाजार मॅग्नेटवाले म्हणतो. स्पीकरचा आवाज बसला की हे पाठीमागे दुसरं मॅग्नेट चिकटवतात, तेही उलटं. दोन्ही एकमेकांना ढकलतात, म्हणून सोल्यूशन वाळेपर्यंत क्लॅम्पमध्ये आवळून ठेवायचं. "धमधम वाढेल ना?" गिऱ्हाईक विचारतं. "धमधम उलट कमीच होईल. पण शब्दन् शब्द कळेल," हे सांगतात. कुणालाच पटत नाही, आणि वाजवून दाखवलं की गिऱ्हाईक पैसे काढतं.

क्लॅम्प जास्त आवळला गेला तर मात्र आतली कॉइल सरकते आणि घासते. म्हणून शेवटी हे स्पीकरचा कागदी पडदा बोटांनी हळूच दाबतात आणि कान लावून ऐकतात. खर्र आलं तर सगळं पुन्हा खोलायचं. आमचा धंदा त्या कानावर.

आणि तो कानच गेलाय, हे मला परवा कळलं. मागे उभी राहून तीनदा हाक मारली, "अहो!" ढिम्म हलले नाहीत. दोन महिने मला रोज दुकानात समोर बसवत होते, "घरी एकटी काय करतेस" म्हणून. मी मेली खूश होते! आता विचारायचं धाडस होईना.

काल शाळेच्या सभागृहाचा स्पीकर होता. पसंत पडला तर आणखी वीस स्पीकर दुरुस्तीला मिळणार होते. शिपाई न्यायला दारात उभा. ह्यांनी पडदा दाबला. खर्र! मला दोन हातांवरून ऐकू आलं. बोलावं, तर परक्या माणसासमोर ह्यांची शोभा. मी मख्ख बसून राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाले, "साफ आहे. न्या."

आज संध्याकाळी स्पीकर परत आला. बाकीचं काम शाळेने दुसऱ्याला दिलं.

मी ह्यांच्या समोर बसून रडतच, मोठ्याने म्हणाले, "मला घासलेलं ऐकू आलं होतं हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"अगं," हे म्हणाले, "कॉइल घासली की तुझं तोंड आंबट होतं. दोन महिने मी त्याच्यावरच चालवतोय. काल तू तोंड आंबट केलंच नाहीस."

मला स्वतःचा राग आला, ह्यांचा तर त्याहून. "मग आधी सांगायचं नाही का, शहाणे!"

ह्यांनी स्पीकर पुढ्यात ओढला, पडदा दाबला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले.