दुकानात थांबलेला धवला

गिटारच्या तारा बदलल्या की बोटांना लोखंडाचा वास राहतो, आणि त्या वासाबरोबर नवीन पनवेलमधलं ते दुकान आठवतं. ताईची हळद तोंडावर आली होती आणि मला एकच इलेक्ट्रिक गिटार हवी होती, रॉक, गझल, हळदीची गाणी, सगळ्याला चालेल अशी. आई सोबत आली होती. ती धवलारीण, गावात कुणाचंही लग्न असो, मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, तीच म्हणायची. मी गिटारचा स्विच इकडेतिकडे करून एकेक आवाज काढून बघत होतो. मध्येच तिनं विचारलं, "याच्यावर माजा धवला वाजंल का रं? म्हनून दावू?" आणि डोळे मिटून सुरूही केलं. दुकानातली कॉलेजची पोरं हसली. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "आई, तू बाहेर थांब." ती पायरीवर जाऊन बसली. दुकानदार म्हणाला, "ही घे मित्रा, हिच्यावर काहीही वाजव." मी तीच घेतली. हळदीला ताईनं खूप विनवलं, पण "घसा बसलाय" म्हणत आई गायली नाही. मी गिटार वाजवली, लोक नाचले. पुन्हा माझ्यासमोर ती कधीच गायली नाही. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आज नव्या तारा लावून तो धवला वाजवायला बसलो. गिटार अजून उत्तम आहे. चाल मात्र मी तिला जिथं थांबवलं, तिथंच थांबते.